भावाच्या जाण्यानंतर आशा कुठून आणायची?

ताई, तुमचा प्रश्न सावकाश वाचला. उत्तराआधी तो थोडक्यात मांडते, म्हणजे अशाच प्रसंगातून जाणाऱ्या इतरांनाही मी कशाबद्दल बोलते आहे ते कळेल.

तुम्ही ऐरोलीला राहता. धाकटा भाऊ चौतिसाव्या वर्षी रक्ताच्या कर्करोगाने गेला. खारघरला टाटाच्या अ‍ॅक्ट्रेक या कर्करोग केंद्रात वर्षभराहून जास्त उपचार चालले. चर्चच्या मंडळीने साखळी प्रार्थना केली, उपास धरले. बाहेरगावाहून आलेल्या एका प्रचारकाने त्याच्या डोक्यावर हात ठेवून सांगितलं, ‘प्रभू मला दाखवतो आहे, हा पूर्ण बरा होणार.’ भाऊ गेला त्या पहाटे तुम्ही आंघोळीसाठी घरी आला होता. आता आठ महिने झाले. दफनाच्या दिवशी लोक म्हणत होते, ‘रडू नका, तो प्रभूजवळ आहे.’ तो उपासनेत तबला वाजवायचा, म्हणून आता गीत सुरू झालं की तुमचा आवाज फुटत नाही, आणि कुणी बरं झाल्याची साक्ष देऊ लागलं की उठून बाहेर जावंसं वाटतं. नगरहून तुमच्याकडे राहायला आलेली आई रात्री दिवा मालवल्यावर विचारते, ‘आपलाच विश्वास कमी पडला का गं?’ आणि तुम्ही मला विचारता: माझा विश्वास मेला आहे का? ज्या आशेबद्दल आपण एवढं बोलतो ती नक्की काय आहे, आणि ती मी आता कुठून आणू?

मी ठाणे आणि नवी मुंबईतल्या मराठी मंडळ्यांमध्ये शोकात असलेल्या कुटुंबांसोबत बरीच वर्षं काम करते आहे. पाळकांबरोबर हॉस्पिटलमध्ये जाते, दफनानंतर घरी जाते, आणि लोकांचं येणंजाणं थांबलं की जास्त जाते. पहिल्या प्रश्नाचं उत्तर लगेच देते: नाही, तुमचा विश्वास मेलेला नाही. तुमच्या लिहिण्यात देवाबद्दलच्या जितक्या तक्रारी आहेत त्या सगळ्या तुम्ही शेवटी देवालाच विचारल्या आहेत. ‘तू ऐकलं नाहीस’, ‘तू कुठे होतास’. विश्वास मेलेला माणूस असं बोलत नाही. तो बोलणंच सोडून देतो.

तुमच्यावर दोन वेगवेगळी ओझी आहेत, आणि ती एकत्र बांधली गेली आहेत म्हणून उचलता येत नाहीत. एक म्हणजे भाऊ गेल्याचं दुःख. दुसरं म्हणजे देवाने शब्द मोडला असं वाटण्याची निराशा. पहिल्याबद्दल लोक तुमच्याशी बोलतात, दुसऱ्याबद्दल कुणी बोलत नाही, कारण मंडळीत ते बोलायची सोय नसते. भाऊ अपघातात अचानक गेला असता तरी तुम्ही इतक्याच रडला असता, पण उपासनेतून उठून जावंसं कदाचित वाटलं नसतं. ते वाटतं ते दुसऱ्या ओझ्यामुळे. म्हणून आधी त्याचं बघू.

‘हा पूर्ण बरा होणार’ हे वचन कुणाचं होतं? ते एका माणसाचं होतं. तो कदाचित मनापासून बोलला असेल, तुमच्या आईच्या चेहऱ्याकडे पाहून त्याला तसं बोलावंसं वाटलं असेल, पण शब्द त्याचा होता. बायबलमधल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या अठराव्या अध्यायात याबद्दल स्पष्ट लिहिलं आहे: परमेश्वराच्या नावाने सांगितलेली गोष्ट घडली नाही, तर ती परमेश्वराने सांगितलेली नव्हती, सांगणारा आपल्याच मनाचं बोलला, त्याला भिऊ नका. शास्त्र इथे घरच्यांच्या विश्वासाची तपासणी करत नाही. ते बोलणाऱ्याला जबाबदार धरतं. आपल्या मंडळ्यांमध्ये नेमकं उलट होतं: शब्द खरा ठरला नाही की बोलणारा पुढच्या गावी गेलेला असतो, आणि हिशेब द्यायला आई उरते. मला याचा मनापासून राग येतो. तुमच्या पाळकांशी या विषयावर बोला. त्या प्रचारकाने पुन्हा तुमच्या घरी प्रार्थनेला येऊ नये असं वाटत असेल, तर तसं सांगण्यात काहीही पाप नाही.

आता आईच्या प्रश्नाकडे येते, कारण तुम्ही तो एका ओळीत लिहिला असला तरी मला तो सगळ्यात जड वाटतो. योहानाच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात शिष्य जन्मांध माणसाला पाहून विचारतात, पाप कुणी केलं, ह्याने की ह्याच्या आईबापांनी? येशू दोन्ही पर्याय नाकारतो. आईबापांवरचा आळ तो स्वतः काढून टाकतो, हे आईला वाचून दाखवा. आणि विश्वासाच्या मापाचं म्हणाल, तर गेथशेमाने बागेत येशूने स्वतः मागितलं होतं की हा प्याला टळावा. तो टळला नाही. त्याचा विश्वास कमी पडला असं म्हणायला कुणी धजावणार नाही. पंडिता रमाबाईंचं आयुष्य आपल्या घराघरांत माहीत असतं. आयुष्याची शेवटची वर्षं त्यांनी बायबलच्या मराठी भाषांतराला वाहिली, आणि त्याच वर्षांत, १९२१ च्या जुलैमध्ये, त्यांची एकुलती एक लेक मनोरमा त्यांच्याआधी गेली. केडगावातल्या त्यांच्या मुक्ती मिशनमध्ये प्रार्थनेची उणीव होती असं कोण म्हणेल? जे रमाबाईंबद्दल आपण म्हणणार नाही, ते तुमच्या आईबद्दलही म्हणू नये.

पण हे सगळं रात्री अंधारात आईशी वाद घालून सांगू नका. रात्री फक्त तिचा हात धरा आणि म्हणा, ‘नाही आई, तू कमी पडली नाहीस.’ अध्याय आणि वचनं सकाळी, चहाच्या वेळी. रात्रीचा प्रश्न उत्तरासाठी नसतो, तिला सोबत हवी असते.

आता ‘रडू नका, तो प्रभूजवळ आहे’ याबद्दल. हे म्हणणाऱ्यांच्या मनात पौलाने थेस्सलनीकाकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्रातला चौथा अध्याय असतो. तिथे पौल म्हणतो की ज्यांना आशा नाही त्यांच्यासारखा शोक तुम्ही करू नये. वाक्य पूर्ण वाचलं तर त्यात शोकाला मनाई नाही. आशा असलेल्यांनीही शोक करायचा आहे, फक्त कायमचं तुटलं असं समजून करायचा नाही. अर्धं वाक्य हातात धरून आपण किती आयांना आणि बहिणींना दफनभूमीत गप्प बसवलं आहे, ते आठवलं की वाईट वाटतं. हाच पौल रोमकरांना लिहितो, रडणाऱ्यांबरोबर रडा. रडणाऱ्यांना थांबवा असं तो कुठेही लिहित नाही.

दुसरं एक वाक्य तुम्ही ऐकलं असेलच: ‘देवाला चांगली माणसं आवडतात, म्हणून तो लवकर नेतो.’ हे मला कुठल्याही स्मरणसभेत ऐकवत नाही. पौल करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या पंधराव्या अध्यायात मृत्यूला शत्रू म्हणतो, नाहीसा केला जाणारा शेवटचा शत्रू. शत्रूला मित्र म्हणायची सक्ती ख्रिस्ती माणसावर नाही. तुमच्या भावाच्या शरीरात जे झालं, त्या पेशींनी जे केलं, ते चांगलं होतं असं तुम्हाला मनात कुठेही कबूल करायचं नाही. देव त्या शत्रूच्या बाजूने उभा नव्हता.

मग आशा म्हणजे काय? इथे मी थोडी रेंगाळणार आहे, आणि त्यासाठी बेथानीला जाणार आहे, कारण तिथल्या घरातही भाऊ गेला होता आणि बहिणी मागे राहिल्या होत्या.

योहानाचा अकरावा अध्याय तुम्ही शेकडो वेळा ऐकला असेल. आता तो बहीण म्हणून वाचा. लाजर आजारी पडल्यावर बहिणींनी निरोप पाठवला. निरोप पोचला, आणि तरी येशू होता तिथेच आणखी दोन दिवस राहिला. तो आला तेव्हा लाजराला कबरेत ठेवून चार दिवस झाले होते. मार्था गावाबाहेर जाऊन त्याला गाठते आणि म्हणते, ‘प्रभूजी, आपण येथे असता तर माझा भाऊ मेला नसता.’ थोड्या वेळाने मरीया येते आणि अगदी तेच वाक्य म्हणते. मला नेहमी वाटतं की त्या चार दिवसांत घरात दोघी बहिणी एकमेकींना हेच म्हणत असणार. तुमच्या ऐरोलीच्या घरात तुम्ही आणि आई जे बोलता तेच.

येशू या वाक्यावर रागावत नाही. ‘असं बोलू नये’ म्हणत नाही. मार्थेशी तो बोलतो, कारण तिला बोलायचं आहे. तिला तो सांगतो, ‘पुनरुत्थान व जीवन मीच आहे.’ मरीयेला तो काहीच समजावत नाही. तिचं रडणं पाहून तो व्याकूळ होतो, कबर कुठे आहे ते विचारतो, आणि रडतो. एकच वाक्य, दोन बहिणी, आणि दोघींना वेगवेगळं उत्तर. शोकात असलेल्या घरात जाणाऱ्या प्रत्येकाने एवढं जरी शिकलं तरी पुष्कळ होईल.

तो रडला तेव्हा काही मिनिटांतच लाजर कबरेतून बाहेर येणार हे त्याला माहीत होतं. तरी तो रडला. म्हणजे शेवट चांगला होणार हे माहीत असूनही आत्ताचं दुःख खरं असतं. जे स्वतः ख्रिस्ताला जमलं नाही, किंवा त्याने करायचं नाकारलं, ते कोरड्या डोळ्यांनी उभं राहणं तुमच्याकडून कुणी मागू नये.

आणखी एक गोष्ट, जी आपण या अध्यायावर बोलताना सहसा बोलत नाही. लाजर परत आला, पण कायमचा नाही. पुढच्याच अध्यायात मुख्य याजक त्यालाही मारायचा बेत करतात. कधी ना कधी मार्था आणि मरीयेला, किंवा त्यांच्यातल्या कुणाला, पुन्हा एकदा त्याच्या किंवा एकमेकींच्या कबरेपाशी उभं राहावं लागलंच असणार. येशूने बरे केलेले सगळे आंधळे, लंगडे, कुष्ठरोगी पुढे केव्हातरी वारले. म्हणून बरं होणं ही देणगी आहे, पण आपली आशा तिच्यावर टांगलेली नाही. तुमच्या भावाला आणखी चाळीस वर्षं मिळाली असती तर ती आपण आनंदाने घेतली असती आणि उपकारस्तुती केली असती. त्या चाळीस वर्षांनंतरही हाच प्रश्न उभा राहिला असता, आणि त्याचं उत्तर आजच्यापेक्षा वेगळं नसतं.

ते उत्तर असं की एक माणूस मेला, पुरला गेला, आणि पुन्हा मरावं लागू नये अशा रीतीने उठला. पौल त्याला प्रथमफळ म्हणतो. उरलेलं पीक पुढे येणार आहे. दर रविवारी आपण उभं राहून आपला विश्वास जाहीर करतो त्यात शरीराच्या पुनरुत्थानाचा उल्लेख असतो, आणि आपण तो भरभर म्हणून टाकतो. तुमचा भाऊ वर कुठेतरी धुरासारखा तरंगतो आहे, किंवा तारा झाला आहे, ही आपली आशा नाही. त्याचं स्वतःचं शरीर, तबल्यावर पडणारे तेच हात, देव पुन्हा उभं करणार आहे, आजाराशिवाय. पुनरुत्थित येशूने थोमाला हातांवरचे घाव दाखवले हे विसरू नका. उठलेल्या शरीरातही घाव होते. त्याच्यावर जे गुदरलं ते पुसलं गेलं नाही. फक्त त्याची मारण्याची ताकद गेली. म्हणून भावाच्या आजारपणाचं ते वर्ष विसरून गेल्याशिवाय आशा येणार नाही, असं समजू नका. ते वर्ष घेऊनच तुम्ही या आशेत येता.

ही आशा तुम्हाला आज जाणवत नाही, हे मला दिसतं आहे. इथे एक फरक मनात पक्का करा. आशा खरी असणं आणि आशा जाणवणं या दोन गोष्टी आहेत. वधस्तंभानंतरच्या शनिवारी एकाही शिष्याला आशा जाणवत नव्हती. रविवारी कबर रिकामी झाल्यावरही अम्माऊसच्या वाटेवरचे दोघे उदासच होते. बायका काय सांगत होत्या ते त्यांनी ऐकलं होतं, तरी उदास होते, आणि ज्याच्याबद्दल निराश होते तोच त्यांच्या शेजारून चालत होता. त्याने आधी त्यांचं सगळं ऐकून घेतलं, मग बोलायला सुरुवात केली. तुम्ही सध्या त्या वाटेवर आहात. तिथे असणं म्हणजे अविश्वासात असणं नव्हे.

मग जाणवत नसताना करायचं काय? मार्काच्या दुसऱ्या अध्यायात चौघे जण पक्षाघाती माणसाला बाजेवर घालून आणतात, छप्पर उसकटून त्याला खाली सोडतात, आणि मार्क लिहितो की येशूने ‘त्यांचा विश्वास’ पाहिला. आणणाऱ्यांचा. बाजेवरच्या माणसाने तोवर एक शब्दही काढलेला नाही. तुमच्यासाठी मंडळी याच कामाची आहे. तुम्हाला गाता येत नसेल तर गाऊ नका. मागच्या बाकावर, दाराजवळ बसा. इतरांना गाऊ द्या. काही महिने त्यांनी तुमच्या वाटचं गायचं आहे. साक्षींच्या वेळी बाहेर जावंसं वाटलं तर जा, आणि नंतर परत या. पाळकांच्या पत्नीला किंवा जवळच्या एखाद्या बहिणीला आधी सांगून ठेवा, म्हणजे कुणी मागे धावत येऊन कारण विचारणार नाही. प्रभुभोजन मात्र शक्य तेव्हा घ्या. तिथे तुम्हाला काही बोलावं लागत नाही, आनंदी दिसावं लागत नाही, फक्त हात पुढे करावा लागतो. आणि तिथे आपण त्याचा मृत्यूच जाहीर करतो, तो येईपर्यंत. तुमच्या आत्ताच्या मनाला त्या मेजाजवळ जागा आहे.

आता त्या पहाटेबद्दल. तुम्ही घरी आंघोळीला गेलात आणि तेवढ्यात तो गेला. रुग्णाजवळ महिनोन्‌महिने बसलेल्या कितीतरी घरच्यांच्या बाबतीत असं होतं. माणूस काही मिनिटांसाठी बाजूला होतो आणि नेमकं तेव्हाच ते घडतं. वर्षभर तुम्ही ऐरोली ते खारघर खेपा घातल्यात, आणि मन त्यातली एकच पहाट घेऊन बसतं.

या संदर्भात आपल्याच ठाण्यातली एक जुनी हकिगत सांगावीशी वाटते. १३२१ सालच्या एप्रिलमध्ये ठाण्यात फ्रान्सिस्कन या ख्रिस्ती संन्यासी संघाचे चार धर्मबंधू मारले गेले: तोलेन्तिनोचा थॉमस, पादुआचा जेम्स, सिएनाचा पीटर आणि तिफ्लिसचा दिमित्री. ते चीनला जायला निघाले होते, वाटेत ठाण्याला उतरले, आणि इथल्या नेस्टोरियन या पूर्वेकडच्या पंथाच्या एका ख्रिस्ती कुटुंबाकडे राहत होते. त्यांच्यासोबत पाचवा एक जण होता, जॉर्डन नावाचा, डोमिनिकन या दुसऱ्या संघाचा, दक्षिण फ्रान्सचा. तो भडोचच्या दिशेने पुढे गेला होता, म्हणून त्या दिवशी तो तिथे नव्हता. बातमी कळल्यावर तो परत आला, सोबत्यांचे मृतदेह मिळवले आणि सोपाऱ्याला नेऊन पुरले. त्यानंतर तो या किनाऱ्यावर एकटा राहिला. पुढे ठाण्याहून त्याने आपल्या धर्मबंधूंना लिहिलेलं पत्र उपलब्ध आहे. त्यात उसनं धैर्य नाही. सोबत्यांपासून ज्या घडीला आपण वेगळे झालो त्या घडीला तो बोल लावतो, आपण पोरके आणि एकाकी झालो असं सांगतो, आजारपणं आणि हाल सांगतो, आणि माणसं पाठवा अशी विनवणी करतो. त्याच पत्रात तो कामाचंही बोलतो. त्याने इथलं काम सोडलं नाही. १३२९ मध्ये तो कोल्लमचा बिशप नेमला गेला.

मी हे पत्र महत्त्वाचं मानते ते त्यातल्या विलापामुळे. सातशे वर्षांपूर्वी, आपल्याच खाडीच्या काठी, एक श्रद्धावान माणूस ‘मी तिथे नव्हतो’ हे दुःख घेऊन बसला होता. त्याने ते दडवलं नाही, लिहून आपल्या माणसांना कळवलं, आणि सोबत मागितली. तुम्ही मला जे लिहिलं तेही असंच पत्र आहे.

तेच आता देवाला लिहा. स्तोत्रसंहितेत विलापाची स्तोत्रं पुष्कळ आहेत आणि ती उपासनेत गायली जायची. तेराव्या स्तोत्रापासून सुरुवात करा, ते जेमतेम सहा ओवींचं आहे. त्यात आधी देवाला हाक आहे, मग ‘कोठवर?’ असा चारदा विचारलेला प्रश्न, मग मागणं, आणि शेवटी भरवसा. त्याच घाटात तुमचं स्वतःचं लिहा. भावाचं नाव लिहा, वॉर्डमधले दिवस लिहा, त्या प्रचारकाबद्दलचा राग लिहा. शेवटच्या भरवशापर्यंत पोचता आलं नाही तर ओढूनताणून पोचू नका. अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र अंधारावरच संपतं, आणि तरीही ते पवित्र शास्त्रात आहे. ज्यांनी ते संग्रहात ठेवलं त्यांना माणसाच्या अशा रात्री माहीत होत्या. आई लिहिणार नसेल तर ती बोलेल तसं तुम्ही लिहून घ्या.

शोकाच्या पाच पायऱ्यांबद्दल तुम्ही ओझरतं विचारलं आहे: नकार, राग, घासाघीस, खिन्नता, स्वीकार, आणि आपण कितव्या पायरीवर अडकलो. एलिझाबेथ कुबलर-रॉस या डॉक्टरांनी त्या १९६९ मध्ये मांडल्या त्या स्वतः मरणाला सामोऱ्या जाणाऱ्या रुग्णांशी बोलून. मागे राहिलेल्यांसाठी ते वेळापत्रक नव्हतं. माझ्या अनुभवाला नेदरलँड्समधल्या मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शूट यांनी १९९९ मध्ये मांडलेलं चित्र जास्त जुळतं: शोकातलं मन दोन बाजूंना जातयेत राहतं, कधी गेलेल्या माणसाकडे, कधी रोजच्या कामाकडे. म्हणून ऑफिसात एखाद्या दुपारी तुम्ही हसलात तर तो भावाशी द्रोह नाही, आणि त्याच संध्याकाळी ट्रान्सहार्बरच्या गाडीत रडू आलं तर ती घसरण नाही. दोन्ही व्हायला हवं.

शरीराकडे दुर्लक्ष करू नका. जुन्या करारातल्या एलिया संदेष्ट्याने रतामाच्या झाडाखाली मरण मागितलं तेव्हा देवदूताने त्याला उपदेश केला नाही. त्याला झोपू दिलं, भाकर आणि पाणी दिलं, पुन्हा झोपू दिलं. देवाशी त्याचं बोलणं त्यानंतर, पुढे होरेब डोंगरावर झालं. सध्या उपास धरू नका, ना तुम्ही ना आई. दोन वेळा ताटावर बसून जेवा.

आणि हे मात्र नीट वाचा. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत आता लांबलेल्या शोकाची वेगळी नोंद आहे. सहा महिन्यांहून जास्त काळ झाला, तीव्रता जराही उतरत नाही आणि त्यापायी रोजचं जगणं ठप्प झालं, तर तो उपचारांचा विषय मानला जातो; अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांची व्याख्या मोठ्या माणसांसाठी बारा महिने धरते. तुम्ही कामावर जाता, आईचं करता, लिहिता, त्यामुळे तुमच्याबद्दल मला तशी धास्ती वाटत नाही. आईबद्दल थोडी वाटते. तिचं जेवण तुटलं असेल, आठवडेच्या आठवडे झोप नसेल, ‘मला का ठेवलं, मलाही ने’ हे ती वारंवार म्हणत असेल, तर थांबू नका, डॉक्टरांकडे न्या. तसे विचार तुमच्या मनात आले तर तुम्हीही जा. सरकारची टेली-मानस ही सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, विनामूल्य आहे, मराठीतही बोलता येतं. गोळी घेणं म्हणजे प्रार्थनेवरचा विश्वास उडणं नव्हे. भावाला केमो देताना आपण तसं मानलं नव्हतं.

मंडळीतली माणसं ‘काही लागलं तर सांगा’ म्हणतात आणि तुम्ही काही सांगत नाही. सांगा. भावाच्या पीएफचे आणि विम्याचे कागद अजून पडून आहेत असं तुम्ही लिहिलं आहे. त्यासाठी बँकेत किंवा कार्यालयात हेलपाटे घालायला एखादा तरुण भाऊ सोबत मागा. बुधवारच्या घरगुती प्रार्थनासभेतल्या बहिणींना आठवड्यातून एक डबा मागा. ‘मंडळीने आमच्यासाठी प्रार्थना करावी’ एवढंच कळवलंत तर ते प्रार्थनाच करतील. डबा हवा असेल तर डबा म्हणा. लाजराला बाहेर बोलावल्यावर त्याची बंधनं सोडायचं काम येशूने आजूबाजूच्या माणसांनाच सांगितलं होतं.

तबल्याचं काय करू, असं तुम्ही शेवटी विचारलं आहे. काहीही करू नका. कुणी ‘मंडळीला देऊन टाका, आशीर्वाद मिळेल’ म्हणालं तर ‘बघू’ म्हणा. एखाद्या मुलाने तो वाजवावा असं पुढे कधी तुम्हालाच वाटलं तर द्या, आणि नाही वाटलं तर तो घरात राहू द्या.

चार महिन्यांनी वर्ष भरेल. त्याआधी नाताळ येतो आहे. नाताळात घरी करंज्या, चकल्या करायच्या की नाही हे आईला आत्ता विचारून ठेवा, ऐनवेळी नको. ती ‘थोडं करू’ म्हणाली तर थोडं करा, आणि तिला कॅरलसाठी घरी मुलं यायला नको असतील तर पाळकांना तसं कळवा. वर्षाच्या दिवशी मोठी सभा ठेवायची सक्ती नाही. ज्या दोनतीन माणसांसमोर तुम्हाला रडता येतं त्यांनाच बोलवा. सकाळी दफनभूमीत जा, तिथे योहानाचा अकरावा अध्याय पहिल्यापासून चव्वेचाळिसाव्या वचनापर्यंत मोठ्याने वाचा, मार्थेचं वाक्य आईला वाचू द्या. मग घरी येऊन भावाला आवडायचं ते जेवण करा आणि त्याच्याबद्दल बोला, त्याच्या खोड्यांसकट. ऑफिसात त्या दिवसाची रजा आत्ताच टाकून ठेवा, आणि दुसऱ्या दिवसाचीही.